आडनाव पेन, हातात पहार

शास्त्रज्ञ म्हटलं की पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट पेन यांच्याकडे यातलं काही नसायचं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, खिशात वही, हातात लोखंडी पहार, एवढ्या भांडवलावर ते किनाऱ्यावरच्या खडकांत उतरत आणि तिथले तारामासे उचकटून समुद्रात भिरकावून देत. या ‘उद्योगा’तून निघालेली कल्पना आज लांडग्यांपासून पाणमांजरांपर्यंत सगळीकडे वापरली जाते. निसर्गात कोण किती संख्येने आहे ते मोजून भागत नाही. त्यातला एक काढून बघा, मग कळेल कोणावाचून कोणाचं अडतं, हे पेन यांनी दाखवून दिलं. त्यांच्या कारकिर्दीतल्या या काही भन्नाट गोष्टी.

१. पूर्वज इतिहासाच्या पुस्तकात

१७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांत एक होते रॉबर्ट ट्रीट पेन. त्यांचंच नाव पुढे घराण्यात चालत आलं. आपले प्राध्यापक म्हणजे रॉबर्ट ट्रीट पेन (तिसरे). जन्म १३ एप्रिल १९३३, मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज. उंची सुमारे साडेसहा फूट. लहानपणी पक्षी बघण्याचा नाद लागला आणि पाहिलेलं लगेच टिपून ठेवायची शिस्तही. पक्षी मागे पडले, शिस्त जन्मभर टिकली.

२. ‘ते झाड हिरवं का?’

हार्वर्डमधून पदवी घेऊन पेन मिशिगन विद्यापीठात आले. ओढा होता जीवाश्मांकडे. तिथे फ्रेडरिक स्मिथ नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी एकदा वर्गाला खिडकीबाहेरचं झाड दाखवलं आणि विचारलं की ते हिरवं का. हरितद्रव्यामुळे, हे शाळकरी उत्तर त्यांना नको होतं. पानं खाणारे किडे एवढे आहेत, तरी झाडावर पानं शिल्लक राहतात कशी, हा त्यांचा खरा प्रश्न. कदाचित किडे खाणारे किड्यांना आवरून धरतात, म्हणून जग हिरवं आहे, असा तर्क स्मिथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६० मध्ये छापूनही आणला. तोवर विद्वानांची समजूत उलटी होती: खाली अन्न किती, त्यावर वर कोण किती ते ठरतं. नवा तर्क ऐकायला झकास होता, पण सिद्ध करायचा कसा? झाडावरचे सगळे पक्षी आणि कोळी कोण हटवणार? पेन यांच्या डोक्यात हा भुंगा शिरला तो शिरलाच.

३. गोगलगायींची जेवणावळ

पीएच.डी.साठी पेन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर गेले ते ब्रॅकिओपॉड नावाच्या, शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या प्राचीन घराण्यातल्या जीवांचा अभ्यास करायला. पण तिथल्या वाळूच्या दांड्यावर त्यांचं लक्ष वेधलं मांसाहारी सागरी गोगलगायींनी. एक ना दोन, आठ जाती एकाच जागी नांदत होत्या. नांदत म्हणजे काय, एकमेकींना खात होत्या. कोण कोणाला खातं याचा तक्ता पेन यांनी मांडला आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या जीवासाठी गेले तो बाजूला राहिला आणि ‘खाणारा कोण’ हा विषय जन्माचा चिकटला.

४. बुळबुळीत पाऊलखुणा

त्यानंतर मुक्काम कॅलिफोर्नियात, स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत. तिथे गाठ पडली नॅव्हनॅक्सशी. हीही एक सागरी गोगलगाय, पण कवच बाहेर न मिरवणारी. शिकार शोधायची तिची पद्धत भारी आहे: दुसरी गोगलगाय सरपटत गेली की मागे चिकट स्रावाची रेघ राहते, ती हुंगत हुंगत नॅव्हनॅक्स माग काढते आणि सावज सापडलं की अख्खं गिळते.

५. हवी होती ती जागा

१९६२ मध्ये पेन सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुजू झाले. पुढच्या वर्षी त्यांना प्रशांत महासागराला भिडलेला मकाह उपसागराचा खडकाळ किनारा सापडला. ओहोटी लागली की खडक उघडे पडत आणि त्यावर बघावं ते हजर: हिरवी समुद्रफुलं, काटेरी सी अर्चिन, गुलाबी शैवाल, स्पंज, लिम्पेट, बार्नकल (होडीच्या बुडाला चिकटून कोळ्यांच्या डोक्याला ताप देतात ते), गोगलगायी. आणि शिणाणे (इंग्रजीत मसल). कोकण-गोव्याच्या खवय्यांना त्यांची ओळख करून द्यायला नको. इथली जात वेगळी, पण धाग्यांनी खडकाला घट्ट बिलगून राहायची सवय तीच.

या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला पिसास्टर ओक्रेशियस हा तारामासा. जांभळा, नारिंगी किंवा तपकिरी, सहसा पाच हातांचा. बार्नकल, शिणाणे, टोपीसारख्या कवचाचे लिम्पेट, पाठीवर पट्ट्यांचं कवच असलेले कायटन, गोगलगाय, सगळं त्याला चालतं. स्मिथसरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळणार होतं. झाडावरचे पक्षी हटवता येत नाहीत, पण खडकावरचे तारामासे येतात. ते पळत नाहीत, उडत नाहीत आणि मोजायला सोपे असतात.

६. पहारच कशाला?

कारण तारामासा हाताने निघत नाही. ओझरता धक्का लागला तरी तो सावध होतो, खालच्या बाजूच्या शेकडो नळीपायांनी खडक धरतो आणि त्वचेखालची ऊती क्षणात कडक करतो. स्नायू न शिणवता अंग ताठ करायची आणि पुन्हा मऊ करायची ही सोय तारामाशांच्या घराण्याकडे जन्मजात आहे. प्रशांत महासागराच्या लाटा अंगावर घेत टिकायचं तर ती हवीच. मग टोकदार पहार खाली सारून, त्याने पकड आवळायच्या आत झटका द्यायचा, एवढाच मार्ग उरतो.

७. आधी पोट बाहेर, मग जेवण

शिणाण्याचे दोन्ही शिंपले गच्च मिटलेले असतात. तारामासा त्यावर कमान करून बसतो, नळीपायांनी दोन्हीकडून ताणतो आणि जराशी फट पडली की स्वतःचं जठर उलटं करून त्या फटीतून आत सोडतो. सावज आपल्याच घरात पचून जातं. जेवण आटोपलं की जठर पुन्हा आत. मेंदू नाही, रक्त नाही, हातांच्या टोकांना नुसते साधे डोळे. पण भूक अशी की किनाऱ्याचं गणित तिच्यावर चालतं.

८. आठ मीटर बाय दोन मीटर

जून १९६३. पेन यांनी खडकाचा सुमारे आठ मीटर लांब आणि दोन मीटर उंचीचा पट्टा निवडला. शेजारी तसाच दुसरा पट्टा तुलनेसाठी राखला आणि त्याला हात लावला नाही. पहिल्या पट्ट्यातला दिसेल तो तारामासा उचकटायचा आणि होईल तितक्या लांब पाण्यात फेकायचा. पण तारामासे परत येतात. म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा आणि हिवाळ्यात एकदा पेन तिथे हजर. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातली मोठी ओहोटी दिवसाउजेडी येते, हिवाळ्यातली मात्र रात्री. म्हणजे थंडीच्या दिवसांत पहारीच्या जोडीला दिवाही आला.

सप्टेंबर उजाडेपर्यंत बार्नकलांनी ६० ते ८० टक्के जागा बळकावली होती. त्यांची सद्दी फार टिकली नाही. पुढच्या जूनपर्यंत भराभर वाढणाऱ्या शिणाण्यांनी त्यांनाच चेंगरायला सुरुवात केली. शैवालांना रुजायला खडक उरला नाही, त्या जवळपास नाहीशा झाल्या. शैवालावर चरणारे लिम्पेट आणि कायटन जागाही नाही आणि चाराही नाही म्हणून चालते झाले. शेजारच्या राखीव पट्ट्यात काहीही बदललं नव्हतं.

९. पंधराचे झाले आठ

बेरीज साधी होती. प्रयोगाआधी त्या पट्ट्यात १५ जाती होत्या, नंतर उरल्या आठ. गंमत अशी की जे नाहीसे झाले त्यांतल्या बऱ्याच जणांशी तारामाशाचा खाण्यापिण्याचा संबंधही नव्हता. शैवाल तो खात नाही. पण शिणाणे खाऊन तो खडकावर जागा मोकळी करत होता आणि त्या जागेवर बाकीच्यांचे संसार चालत होते. भक्षक वाढले की विविधता घटणार, असं कोणालाही वाटेल. इथे भक्षक काढला आणि विविधताच आटली. हा निष्कर्ष १९६६ मध्ये ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात छापून आला. मोजून ११ पानं.

१०. पहार निघाली न्यूझीलंडला

एका किनाऱ्यावर जमलं म्हणजे सगळीकडे जमेल असं थोडंच आहे? म्हणून पेन यांनी न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑकलंडजवळ, तोच खेळ मांडला. तारामासा वेगळा, शिणाणे वेगळे, समुद्र वेगळा. निकाल मात्र तोच: तारामासे काढले, शिणाणे खाली पसरत गेले, बाकीचे हटले. आपल्यासाठी यातली चविष्ट माहिती अशी की तिथले हिरव्या कडेचे शिणाणे आणि आपल्या कोकणात मिळणारे हिरवे शिणाणे एकाच ‘पर्ना’ प्रजातीतले, म्हणजे चुलत भाऊच.

११. तीन पानांचं टिपण

१९६९ मध्ये पेन यांनी त्याच नियतकालिकात जेमतेम तीन पानांचं टिपण लिहिलं. त्यात पिसास्टरसारख्या जातींना त्यांनी ‘कीस्टोन’ हे नाव दिलं. दगडी कमानीच्या माथ्यावर जो मधला दगड बसवतात, तो कीस्टोन. तो काढला की कमान कोसळते. दुसरं संभाव्य उदाहरण त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरचं दिलं: प्रवाळ फस्त करणाऱ्या काटेरी तारामाशाला खाणारा मोठा ट्रायटन शंख. म्हणजे एकीकडे तारामासा किनाऱ्याचा तारणहार, तर दुसरीकडे त्याचाच भाऊबंद उपद्रवी. जातीवरून कोणाचं काम ठरत नाही, जागेवरून ठरतं. पुढे व्याख्या घट्ट झाली: संख्या किंवा वजन थोडं, पण परिणाम त्या मानाने कितीतरी मोठा, ती कीस्टोन जाती.

१२. मोठे झाले, हाताबाहेर गेले

काही वर्षांनी पेन यांनी तारामासे फेकणं थांबवलं. तारामासे परतले. आता शिणाण्यांची खैर नाही, असंच वाटलं असतं. पण त्यांनी मधल्या काळात अंग धरलं होतं. शिणाणा एका आकारापलीकडे गेला की तारामाशाला तो उघडता येत नाही. भक्षक परत आला, जुनी व्यवस्था मात्र परत आली नाही. जंगल असो की किनारा, जे हटवलं ते नुसतं परत आणून ठेवलं की सगळं पूर्ववत होईल, या भाबड्या आशेला खडकावरचं हे उत्तर.

१३. बेट, दीपगृह आणि मकाह लोक

अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या वायव्य टोकाशी, केप फ्लॅटरीसमोर, तातूश नावाचं चिमुकलं बेट आहे. १८५७ पासूनचं दीपगृह, चहूबाजूंनी खवळलेलं पाणी. ते मकाह या मूलनिवासी लोकांचं आहे. उन्हाळ्यात त्यांची मासेमारीची वस्ती तिथे पडायची. मकाह लोकांनी परवानगी दिली आणि १९६० च्या दशकाअखेरीपासून पेन तिथे जाऊ लागले. १९९८ मध्ये ते निवृत्त झाले, पण फेऱ्या सुरूच राहिल्या. बाकीचे संशोधक नव्या जागा आणि नवे विषय शोधत फिरत असताना हे गृहस्थ त्याच खडकांवर दशकानुदशकं तीच मोजणी करत होते.

१४. ओंडके मोजायला खिळे

पेन यांचे शिष्य पॉल डेटन यांना प्रश्न पडला की समुद्रात वाहत येणारे लाकडी ओंडके खडकावर आपटून किती नासधूस करतात? कॅमेरा लावून बसायचा तो काळ नव्हता. त्यांनी खडकांत खिळे ठोकून ठेवले आणि काही काळाने किती वाकले, किती गायब झाले ते मोजलं. झाला हिशेब!

अशा ओंडक्यांनी आणि हिवाळी वादळांनी शिणाण्यांच्या गालिच्याला भोकं पडतात. त्या भोकांत कोण येतं, ती किती वर्षांत बुजतात, याचं गणित पेन यांनी सायमन लेव्हिन या गणिती मित्रासोबत १९८१ मध्ये मांडलं. या भोकांवरच जगणारी एक अजब शैवाल आहे, सी पाम. ओहोटीला ती बुटक्या माडासारखी ताठ उभी असते, आणि जिथे लाटांचा सर्वांत जास्त मार तिथेच राहते. आयुष्य एका वर्षाचं. वादळाने जागा करून दिली नाही तर तिचा त्या किनाऱ्यावरून वंशच बुडतो.

झटपट पाच

• तारामासा हा मासा नाही. कल्ले नाहीत, कणा नाही. त्याची जवळची नाती सी अर्चिनशी.
• हात तुटला तर तारामाशाला नवा हात फुटतो.
• समुद्री पाणमांजराच्या अंगावर सगळ्या सस्तन प्राण्यांत सर्वांत दाट केस असतात.
• सी पामचे बीजकण पानांवरून ठिबकत जवळच्याच खडकावर पडतात. त्यामुळे पुढची पिढी आईच्या पायाशीच वाढते.
• २०१३ मध्ये पेन यांना जपानचा ‘इंटरनॅशनल कॉसमॉस प्राइझ’ मिळाला. रक्कम चार कोटी येन.

१५. अणुस्फोटाच्या बेटावरचा सल्ला

१९७१ साल. अलास्काच्या अल्युशियन बेटमाळेतलं अमचिटका बेट. अमेरिका तिथे जमिनीखाली मोठा अणुस्फोट करणार होती आणि त्यानिमित्ताने तिथल्या जीवसृष्टीचा अभ्यास चालला होता. जिम एस्टिस नावाचा तरुण विद्यार्थी समुद्री पाणमांजरांवर काम करत होता. केल्प या उंच वाढणाऱ्या शैवालांच्या जंगलावर पाणमांजरं कशी जगतात, हे त्याला शोधायचं होतं. तिथे आलेल्या पेन यांनी त्याला प्रश्न उलटा करून दिला: पाणमांजरांमुळे जंगल कसं जगतं ते बघ की!

एस्टिस मग पाणमांजरं नसलेल्या शेम्या बेटापाशी पाण्यात उतरला. फरसाठी झालेल्या बेसुमार शिकारीत तिथली पाणमांजरं संपली होती. तळाशी केल्पचा पत्ता नाही, नजर जाईल तिथवर नुसते सी अर्चिन. अमचिटकाला पाणमांजरं सी अर्चिन फस्त करत, म्हणून तिथे केल्प उभं होतं. १९७४ मध्ये हा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला आणि शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला.

१६. वरून आला ऑर्का

गोष्ट इथेच संपत नाही. १९९० च्या दशकात अल्युशियन बेटांभोवतीची पाणमांजरं झपाट्याने घटू लागली. रोगाची साथ म्हणावी तर किनाऱ्याला प्रेतं लागत नव्हती. एस्टिस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बोट दाखवलं ऑर्काकडे. हे शिकारी देवमासे आता पाणमांजरं खाऊ लागले होते. पाणमांजरं घटली, सी अर्चिन वाढले, केल्प साफ. खोल समुद्रातल्या शिकाऱ्याने मेनू बदलला आणि किनाऱ्याचं जंगल गेलं!

१७. वरचा हलला की खालपर्यंत हादरा

अशा वरून खाली उतरत जाणाऱ्या परिणामांच्या साखळीला ‘ट्रॉफिक कॅस्केड’ म्हणतात. हा शब्दप्रयोगही पेन यांचाच, १९८० सालचा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ मध्ये लांडगे परत सोडले गेले, तेव्हापासून तो वर्तमानपत्रांतही रुळला. लांडगे, हरणं आणि झाडं यांच्या साखळीवर तज्ज्ञांचे वाद अजून रंगतात. पण वाद कोणत्या भाषेत घालायचा, ते या पहारवाल्याने ठरवून दिलं.

१८. शिष्यांची वंशावळ

२०१३ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकाने पेन यांच्यावर मोठा लेख छापला आणि त्यांच्या शिष्य-प्रशिष्यांचा वंशवृक्षच मांडला. विद्यार्थ्याने आपला विषय आपण शोधावा, हा गुरुजींचा खाक्या. शिष्यांच्या शोधनिबंधावर आपलं नाव घालायचा सोसही त्यांना नव्हता.

या घराण्यातलं गाजलेलं नाव जेन लुबचेन्को. न्यू इंग्लंडच्या खडकांवर साध्या पेरीविंकल गोगलगायी शैवालांची विविधता कशी नियंत्रित करतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे २००९ ते २०१३ या काळात त्या अमेरिकेच्या समुद्र व हवामान प्रशासनाच्या, नोआच्या, पहिल्या महिला प्रमुख होत्या. मेक्सिकोच्या आखातातली २०१० ची प्रचंड तेलगळती त्यांच्याच कारकिर्दीतली. पती ब्रूस मेंगे हेही पेन यांचे शिष्य. १९७० च्या दशकात दोघांनी ओरेगन स्टेट विद्यापीठात प्राध्यापकाची एकच पूर्णवेळ जागा अर्धी-अर्धी वाटून घेतली, म्हणजे संशोधन आणि मुलं दोन्ही सांभाळता येतील.

१९. चिलीत हटवला माणूस

तारामासा काढून बघितला, पाणमांजर नसलेलं बेट बघितलं, मग माणूस काढून का बघू नये? चिलीच्या हुआन कार्लोस कास्तिया यांनी नेमकं तेच केलं. लास क्रुसेस इथे १९८२ च्या अखेरीस त्यांच्या विद्यापीठाने किनाऱ्याचा एक तुकडा कुंपण घालून बंद केला. तिथे लोक ‘लोको’ नावाची मोठी गोगलगाय खायला वेचून नेत. माणसं थांबली तशा लोको वाढल्या आणि त्यांनी खडकावरचे शिणाणे खाऊन संपवले. खडक मोकळा झाला. कुंपणाबाहेर लोक लोको वेचत होते आणि शिणाण्यांचा गालिचा जागचा हलला नव्हता. या किनाऱ्याचा खरा कर्ताकरविता दोन पायांचा निघाला! याच कास्तियांबरोबर पेन यांनी १९८५ मध्ये चिली, न्यूझीलंड आणि वॉशिंग्टनच्या प्रयोगांचा एकत्रित ताळेबंद मांडला.

२०. गुरूची परीक्षा शिष्याने घेतली

मेंगे यांनी ओरेगनच्या किनाऱ्यावर गुरुजींचा प्रयोग नव्याने केला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष मांडला: जिथे लाटांचा मारा, तिथे पिसास्टर खरोखर कळीचा, आडोशाच्या खडकांवर मात्र त्याचा प्रभाव फिका. दुसरे शिष्य टॉम सुचानेक यांनी शिणाण्यांच्या दाटीत हात घातला. वरून एकसुरी दिसणाऱ्या त्या थरांच्या सांदीकोपऱ्यांत, चिखलात आणि धाग्यांत सुमारे ३०० जातींचे बारके जीव राहत होते. म्हणजे ‘पंधराचे आठ’ हा हिशेब खडकाच्या पृष्ठभागावर जागा धरणाऱ्या आणि तिथे वावरणाऱ्यांपुरता, पोटभाडेकरू धरले तर वेगळा. शिष्यांनी असं पोट फाडून बघितलं म्हणूनच कल्पना मजबूत झाली.

२१. पन्नास वर्षांनी निसर्गाने फेकले तारामासे

पेन यांनी पहार उचलली त्याला बरोबर अर्धं शतक झालं आणि २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामाशांना रोग लागला. अंगावर पांढरे चट्टे, हात पिळवटून गळून पडायचे आणि काही दिवसांत प्राण्याचा लगदा. वीसहून अधिक जाती या साथीत सापडल्या, पिसास्टरसुद्धा. आठ मीटरच्या पट्ट्यावर केलेला प्रयोग आता अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत चालू झाला, आणि राखीव पट्टा कुठेच नव्हता. ओरेगनमध्ये मेंगे मोजणी करतच होते. त्यांना दिसलं ते असं: मोठे तारामासे मेले, शिणाण्यांवरची धाड कमी झाली, पण २०१५ मध्ये तारामाशांच्या पिल्लांची अशी लाट आली की पूर्वी कधी पाहिली नव्हती. साथीत सापडलेला दुसऱ्या जातीचा सूर्यफूल तारामासा मात्र सावरला नाही. त्याला संपवणारा जिवाणू, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, २०२५ मध्ये उजेडात आला.

२२. जुने शिंपले टाकू नका

‘असू दे, कधीतरी कामाला येईल’ म्हणत माळ्यावर डबे साठवणाऱ्या आजीचा आणि पेन यांच्या गटाचा स्वभाव एकच. १९७० च्या दशकात गोळा केलेल्या शिणाण्यांची कवचं त्यांनी जपून ठेवली होती. तातूशवर त्यांच्यानंतर काम पुढे नेणारे टिम वूटन आणि कॅथी फिस्टर हे दांपत्य २००० पासून पाण्याची आम्लता मोजत होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो, पाणी आम्लधर्मी होत जातं आणि कवच बांधणं अवघड होतं, हे पुस्तकात होतं. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की इथे हा बदल अंदाजापेक्षा कितीतरी झपाट्याने होतोय. मग प्रश्न आला: कवचांवर परिणाम झाला का? उत्तर द्यायला जुनी कवचं हवीत. ती तयार होती!

मकाह लोकांनी हजार-तेराशे वर्षांपूर्वी खाऊन टाकलेल्या शिणाण्यांचे उकिरडेही पुरातत्त्व उत्खननात सापडले होते. तीही कवचं मापली गेली. पूर्वजांच्या जेवणातली कवचं आजच्यापेक्षा सरासरी २७ टक्के जाड, १९७० च्या दशकातली ३२ टक्के जाड. म्हणजे हजार वर्षांत फारसं न घडलेलं चाळीस वर्षांत घडलं. हा निबंध २०१६ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत पेन होते आणि त्याच महिन्यात, १३ जूनला, वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले होते. हवामानबदलाचा हा पुरावा गोळा करतोय, हे १९७० च्या दशकात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तेव्हा प्रयोगशाळेतल्या खणातली धूळ खाणारी पुडी आवरायला घ्याल, तर आधी तिच्यावरची तारीख आणि जागा वाचा. दोन्ही लिहिलेलं असेल तर पुडी परत ठेवून द्या.